पाचव्या दिवशी वजन न घटलेले तीन उंदीर

पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला तिसऱ्या पिंजऱ्यातला एक उंदीर वजनकाट्यावरच्या डब्यात ठेवला आणि आकडा आला २०.१ ग्रॅम. काटा शून्य केला, परत ठेवला. २०.१ च. इन्फेक्शन दिलं त्या दिवशी तो १९.८ होता. म्हणजे ज्याने एव्हाना तीन-चार ग्रॅम घालवायला हवे होते, केस फुलवून पाठ वाकवून कोपऱ्यात बसायला हवं होतं, तो माझ्या ग्लोव्हवरून बाहीकडे निघाला होता. त्याच पिंजऱ्यातले दोन १६ ग्रॅमच्या आसपास आले होते, अंगावरची लव उभी, डोळे अर्धे मिटलेले. एकाच आयांची एकाच आठवड्यातली पिल्लं, एकच फ्लूचा व्हायरस, एकाच नळीतला, एकाच हाताने दिलेला. हात माझा होता म्हणून छातीत धस्स झालं.

मी मूळची नवापूरची. नंदुरबार जिल्ह्यातलं, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे तेच. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून २०१९ ला पीएचडीसाठी जर्मनीत आले, विषय इन्फ्लुएन्झा आणि शरीराची जन्मजात अँटीव्हायरल प्रोटीन्स. घरी सांगताना मी एवढंच म्हणायचे की फ्लू झाला की शरीर पहिल्या काही तासांत जे करतं त्याचा अभ्यास, लसीच्या, अँटीबॉडीच्या आधीचं. अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा तरी जातो, तोपर्यंत किल्ला लढवायचा कोणी, तर या प्रोटीन्सनी. हे लिहितेय कारण या कामात जे माझ्यासोबत घडलं ते पेपरात कधीच येत नाही, आणि नवीन पोरं विचारतात की अ‍ॅनिमल वर्क करावं का, कसं असतं, तर त्यांना हे सगळं माहीत असावं असं मला फार वाटतं.

आधी हा विषय कुठून आला ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. १९५७ ला लंडनमध्ये मिल हिलला अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी इंटरफेरॉन शोधलं. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे त्यांनी उष्णता देऊन मारलेल्या फ्लूच्या व्हायरससोबत ठेवले, आणि त्या तुकड्यांतून असं काहीतरी बाहेर पडलं की ज्यामुळे दुसऱ्या ताज्या तुकड्यांवर जिवंत व्हायरस वाढेना. पेशींनी शेजारच्या पेशींना दिलेली हाळीच ती, की बाई दार लावून घे. पण दार लावायचं म्हणजे नक्की काय करायचं हे पुढे कितीतरी वर्षं नीट कळलेलं नव्हतं. आणि मग १९६२ ला याच लिंडेनमान यांनी एक छोटासा पेपर छापला, की ए२जी नावाच्या जातीचे उंदीर फ्लूच्या ज्या डोसने बाकीचे उंदीर पटापट मरतात त्याने मरत नाहीत. पुढे दिसलं की हा गुण एकाच जीनवर चालतो, आणि आई किंवा बाप कोणा एकाकडून आला तरी पुरतो. त्या जीनला नाव पडलं एमएक्स, फ्लू ज्या मिक्सोव्हायरस गटात तेव्हा धरायचे त्यावरून.

पुढे १९७९ ला ओट्टो हालर आणि सोबतच्यांनी ए२जी उंदरांना इंटरफेरॉन अडवणाऱ्या अँटीबॉडी दिल्या तर तेही मरायला लागले, म्हणजे एमएक्स हे इंटरफेरॉनच्या हाकेवर उठणारं प्रोटीन आहे. १९८६ ला जीन क्लोन झाला, आणि १९८८ ला जे कळलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवर सरळ होऊन बसले होते. लॅबमध्ये जगभर वापरले जाणारे बहुतेक उंदीर, बाल्ब-सी घ्या, ब्लॅक-सिक्स घ्या, त्यांच्यात हा जीन मोडलेला आहे. कोणाच्यात मधला मोठा तुकडाच गायब, कोणाच्यात एका अक्षराच्या चुकीने प्रोटीन अर्ध्यात तुटतं. म्हणजे ए२जी मध्ये काही खास जादू नव्हतीच, तो धड होता आणि बाकीचे अधू होते! मोकळ्या उंदरांत पाहिलं तर तिथे धड आणि मोडका दोन्ही प्रकार सापडतात. पण जी मोजकी घराणी लॅबमध्ये वाढवली गेली त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला मोडका आला, आणि आपण वर्षानुवर्षं फ्लूची औषधं, लसी, सगळं त्यांच्यावर तपासत आलो. मला हे आजही साधं वाटत नाही. एखाद्या घराला कुलूपच नाही आणि चोर कसा शिरतो याचा अभ्यास त्याच घरात बसून करायचा, असं ते आहे.

तर आमच्या लॅबमध्ये ब्लॅक-सिक्स उंदरांत ए२जी चा धड जीन पिढ्यान्‌पिढ्या क्रॉस करून आणलेली एक कॉलनी आहे. बाकी सगळं ब्लॅक-सिक्सचं, फक्त एमएक्स१, म्हणजे उंदराचा तो एमएक्स जीन, चालू. माझं काम होतं नाकात इंटरफेरॉन किती तास आधी दिलं तर उपयोग होतो, किती उशिरा दिलं तर होत नाही, आणि त्यातला किती वाटा खरोखर एमएक्स१ चा आहे हे बघायचं. त्यासाठी एक धड एक मोडका जीन असलेले आई-बाप एकत्र ठेवायचे, पिल्लांत दोन्ही जीन धड, एक धड एक मोडका, दोन्ही मोडके असे तिन्ही प्रकार येतात. मग सख्खी भावंडंच एकमेकांची तुलना करायला मिळतात, आई तीच, पिंजरा तोच, खाणं तेच. एक धड असलेलं पिल्लूही वाचतं, म्हणून कोण काय आहे हे आधी नीट ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. ही ओळ मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

त्याआधी हात बसवायचा होता. इथे प्राण्याला हात लावायच्या आधी कोर्स करावा लागतो, परीक्षा असते, आणि प्रत्येक प्रयोगासाठी सरकारी परवानगी, ज्यात किती उंदीर, का तेवढेच, त्रास किती होणार, कोणत्या टप्प्यावर थांबणार हे सगळं लिहून द्यायचं. आमची मर्यादा वजन २५ टक्के घटलं की थांबायचं, तो उंदीर त्याच दिवशी शांतपणे मारायचा, उद्यावर ढकलायचं नाही. अ‍ॅनिमल हाउसमधल्या एका वयस्कर टेक्निशियन बाईंनी मला धरायला शिकवलं. शेपटीच्या बुडाशी धरून जाळीवर ठेवायचा, तो पुढे ओढायला लागतो, तेवढ्यात दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि बोटाने मानेमागची कातडी चिमटीत घ्यायची, शेपूट करंगळीखाली. माझी चिमूट पहिल्या आठवड्यात सैल असायची, दोनदा चावला. त्या म्हणायच्या, घाबरत धरलंस तर त्याला जास्त त्रास होतो, पक्कं धर आणि पटकन सोड. गुंगीचं इंजेक्शन पोटात, डोकं खाली झुकवून उजव्या बाजूला, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात. तीन-चार मिनिटांत झोपतो पण डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यात मलम घालायचं नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. पायाचं बोट चिमटून बघायचं, पाय ओढला नाही म्हणजे गाढ झोपलाय.

आणि मग नाकात थेंब. हे बघायला सोपं वाटतं पण सगळा प्रयोग यावर उभा असतो. जेमतेम झोपलेल्या उंदराला थोडं, म्हणजे १०-२० मायक्रोलिटर दिलं तर ते बहुतेक नाकातच राहतं, गाढ झोपलेल्याला ५० दिलं तर फुप्फुसात उतरतं. पिपेटच्या टोकावर बारीक थेंब लोंबकळत ठेवायचा, नाकपुडीला टेकवायचा आणि वाट बघायची. श्वास आत गेला की थेंब हळूच ओढला जातो, दिसतो तसा जाताना. पुढचा थेंब, पुढचा श्वास. घाई केली की बुडबुडा येतो आणि अर्धं बाहेर. मी महिनाभर नुसत्या सलाईनने सराव केला. थेंब नीट आत गेला की उंदराची छाती एकदा खोल हलते, ती हालचाल ओळखायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, आता दे.

व्हायरस होता पीआर८, म्हणजे १९३४ ला पोर्तो रिको मध्ये माणसाकडून घेतलेला एच१एन१ प्रकारचा फ्लू, जो तेव्हापासून उंदरांतून अंड्यांतून फिरवून फिरवून उंदरांना चांगलाच सरावलाय. तो वाढवायचा कोंबडीच्या दहा-अकरा दिवसांच्या गर्भ असलेल्या अंड्यात. अंधाऱ्या खोलीत अंड्याला खालून दिवा लावायचा, आतल्या लाल शिरा आणि हलणारं पिल्लू दिसतं, शिरा टाळून पेन्सिलने खूण करायची, तिथे भोक पाडून सुई. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी काकांना फोन केला. माझ्या काकांची नवापूरला पोल्ट्री आहे, अंड्यावरच्या कोंबड्या. त्यांना सांगितलं की ज्या रोगाने आपल्या कोंबड्या गेल्या त्याचाच चुलत भाऊ मी अंड्यात वाढवतेय. ते थोडा वेळ गप्पच राहिले, मग म्हणाले, जपून गं पोरी.

फेब्रुवारी २००६. मी अकरा वर्षांची होते. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात, भोपाळच्या लॅबने एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि तालुक्यातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पांढरे सूट, गॉगल घातलेली माणसं, जेसीबीने काढलेले खड्डे, चुन्याच्या गोण्या. काकांच्या शेडमध्ये काही कोंबड्या मेल्या होत्या, पण बऱ्याच उभ्या होत्या, दाणे टिपत होत्या. काका त्या माणसांना सारखं एकच सांगत होते, अहो या धडधाकट आहेत, या बघा ना, या खातायत. तेव्हा माझ्या मनात प्रश्न बसला की एका शेडमध्ये एकच पाणी पिऊन ही का मेली आणि ती का नाही. आज मला माहितीय की त्या कोंबड्यांचं उत्तर फार साधं होतं, त्यांच्यापर्यंत तो अजून पोचलाच नव्हता, पोचला असता तर दोन दिवसांत त्याही गेल्या असत्या. कोंबडीकडे तर रिग-आय नावाचं जे प्रोटीन व्हायरसचा आरएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवतं तेच नाही, बदकाकडे आहे, आणि बदकं बऱ्याचदा फ्लू पचवून टाकतात त्यामागे जी कारणं आहेत त्यातलं हे एक मानतात. पण प्रश्न तेव्हाचा तो राहिलाच, आणि मी इथे आले त्याच्या मागे तोच आहे.

असो, परत माझ्या तीन उंदरांकडे.

पहिला प्रयोग बिनइंटरफेरॉनचा होता, नुसता पाया घालायला. आठ उंदीर एमएक्स१ असलेले, आठ नसलेले. असलेल्यांना काही होऊ नये, नसलेले आजारी पडावेत. असलेले आठही ठणठणीत राहिले. नसलेल्यांपैकी पाच घसरत गेले आणि तीन नाही. रोज सकाळी त्याच वेळी वजन, रोज तक्ता, केस, पाठ, हालचाल, श्वास, प्रत्येकाला मार्क. सहाव्या दिवशी पाचपैकी दोघं मर्यादेला आले आणि मी त्यांना मारलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिल्याशिवाय अनुभव पुरा होत नाही. त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. आणि ते तीन उंदीर मात्र कागदाचे तुकडे गोळा करून घरटं बांधत होते.

माझ्या डोक्यात एकच, की मी यांना नीट दिलंच नाही. थेंब अन्ननलिकेत गेले असतील, बुडबुडा आला असेल आणि मला दिसला नसेल. त्या दिवसाची वही काढली तर या तिघांसमोर मीच लिहिलेलं की थेंब नीट आत गेला. मग व्हायरसवर संशय. चांगली सवय एकच होती, की इन्फेक्शन दिल्यावर नळीत उरलेला व्हायरस मी फ्रीजरला ठेवला होता. तो काढून प्लाक अ‍ॅसे लावला, म्हणजे जिवंत व्हायरस किती आहे ते मोजायची चाचणी. हे म्हणजे एमडीसीके पेशींचा थर, या पेशी १९५८ ला एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या किडनीतून घेतलेल्या, अजूनही सगळं जग तेच वापरतं. त्यावर व्हायरस दहा-दहा पटीने पातळ करत टाकायचा, तासाभराने वर घट्टसर थर, त्यात ट्रिप्सिन हवंच कारण त्याशिवाय पीआर८ चं वरचं प्रोटीन कापलं जात नाही आणि तो पुढच्या पेशीत शिरू शकत नाही, आणि सीरम अजिबात नको कारण ते ट्रिप्सिनलाच अडवतं. दोन दिवसांनी जांभळा रंग टाकायचा, जिवंत पेशी जांभळ्या, मेलेल्या जागी गोल पांढरी भोकं. भोकं मोजायची. मी तीनदा मोजली, डोस बरोब्बर जेवढा हवा तेवढाच.

तोपर्यंत दुसरा आठवडा लागला. गाईडना सांगायला जायचं धाडस होत नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्यांना वाटेल हिला साधे थेंब देता येत नाहीत. शेवटी गेले, वही समोर ठेवली, वजनांचा ग्राफ ठेवला. त्यांनी तो ग्राफ बराच वेळ बघितला. मला वाटलं आता हाताबद्दल विचारणार. त्यांनी विचारलं, कान कोणी तपासले?

कान म्हणजे जीनोटायपिंग. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की कानाला बारीक छिद्र पाडून ओळख देतात, तोच निघालेला कानाचा कण, तिळाएवढा, एका नळीत विरघळवून त्यातला डीएनए काढायचा आणि पीसीआर. हेही मीच केलं होतं. पद्धत लॅबमध्ये आधीपासून चालत आलेली, मी प्रिंट काढून भिंतीवर लावलेली. त्यात एमएक्स१ चा जो तुकडा ब्लॅक-सिक्समध्ये गायब असतो नेमक्या त्या तुकड्यावर प्रायमर, म्हणजे पीसीआरला कुठून प्रती काढायच्या ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बसतात. जेलवर पट्टी आली म्हणजे धड जीन आहे. पट्टी नाही म्हणजे जीन नाही.

पट्टी नाही म्हणजे जीन नाही. हे वाक्य मी वर्षभर रोज वाचत होते आणि त्यातली खोट मला दिसली नव्हती. पट्टी नाही याचं दुसरं कारण, डीएनएच नीट निघाला नाही, रिअ‍ॅक्शनच झाली नाही. कानाचा कण झाकणाला चिकटून राहिला, एन्झाइम जुनं झालं, काहीही. तेव्हाही जेल तसंच काळं दिसतं. मी ज्याला नाही म्हणत होते त्यात खरोखर नसलेले आणि मला न दिसलेले असे दोन्ही होते.

त्या तिघांचे कानाचे उरलेले विरघळवलेले नमुने उणे वीसच्या फ्रीजरमध्ये होते. नळ्या काढल्या तर एकात अजून कण तसाच अख्खा, काळपट, केसासकट तळाशी. विरघळलाच नव्हता. नवीन कण घेतले, नवीन एन्झाइम, रात्रभर गरम पाण्यात, आणि यावेळी सोबत दुसरी प्रायमरची जोडी, एका अशा जीनवर जो प्रत्येक उंदरात असतोच. म्हणजे ती पट्टी आलीच पाहिजे, ती आली तरच दुसरीबद्दल बोलायचं. जेल चालायला पाऊण तास लागतो, मी तिथेच स्टूलवर बसून राहिले. निळ्या दिव्याखाली ठेवलं. सोळाच्या सोळा रांगांत वरची पट्टी, ती असलीच पाहिजे अशी, आणि त्या तीन रांगांत खालची, एमएक्स१ चीसुद्धा, स्वच्छ, जाड. तिघांकडेही एमएक्स१ होता.

मला रडू आलं, ते कशाचं हे आजही नीट सांगता येणार नाही. हाताचा दोष नव्हता याचा जीव भांड्यात पडला होता, पण त्याच वेळी प्रयोग वाया गेला होता, आणि प्रयोग वाया म्हणजे सोळा जीव वाया. सगळे वाया नाही असं गाईड म्हणाल्या, पाच आणि अकरा म्हणून बघ, अर्थ निघतोय. तो निघतच होता. मला कोण कोण आहे हे माहीत नसताना, किंबहुना चुकीचं माहीत असताना, प्रोटीनने आपलं काम केलं होतं. मी ज्यांना नसलेले समजून आजारी पडायची वाट बघत होते त्यांच्या फुप्फुसातल्या पेशींनी पहिल्या काही तासांत इंटरफेरॉनची हाक ऐकून एमएक्स१ बनवलं होतं आणि व्हायरसला पेशीच्या केंद्रकातच गाठलं होतं.

हे केंद्रकाचं फार सुंदर आहे. बहुतेक आरएनए व्हायरस पेशीत केंद्रकाबाहेरच्या भागातच, सायटोप्लाझममध्ये आपल्या प्रती काढतात. फ्लू मात्र आपले आठ तुकडे घेऊन केंद्रकात शिरतो आणि तिथे छापखाना टाकतो. आणि उंदराचं एमएक्स१ नेमकं केंद्रकातच बसतं. कोर्सच्या वेळी मी एमएक्स१ वाल्या उंदराच्या पेशींना रात्रभर इंटरफेरॉन देऊन त्यावर हिरवा चमकणारा अँटीबॉडीचा रंग टाकला होता, मायक्रोस्कोपखाली प्रत्येक निळ्या केंद्रकात हिरवे ठिपके, बारीक बारीक, खसखस सांडल्यासारखे. शेजारच्या काचेवर ब्लॅक-सिक्सच्या पेशी, तेवढंच इंटरफेरॉन, सगळी केंद्रकं निळी नि रिकामी. ऐकू आलंय पण कुलूपच नाही.

माणसाचं प्रोटीन एमएक्सए, ते केंद्रकात नाही, सायटोप्लाझममध्ये असतं, पण फ्लूच्या ज्या प्रोटीनवर त्याचा डोळा असतो ते तेच, एनपी, आरएनएला गुंडाळून ठेवणारं. आणि इथे काकांच्या शेडचा संबंध परत येतो. पक्ष्यांमधले फ्लू आपल्या एमएक्सए समोर सहसा टिकत नाहीत. १९१८ चा आणि २००९ चा, दोन्ही साथींच्या व्हायरसच्या एनपी मध्ये मात्र एमएक्सए ला चुकवणारे बदल सापडलेत. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला तेव्हा मी नववीत होते, पुण्याला मावशीकडे जायचं रद्द झालं होतं, तो व्हायरस इतक्या सहज माणसांत का पसरला याच्या कारणांत हेही एक असणार हे मला दहा-बारा वर्षांनी कळलं. आणि २०२१ ला एक अभ्यास आला, चीनमध्ये कोंबड्यांकडून एच७एन९ झालेल्या माणसांचा, त्यांच्यात एमएक्सए निकामी करणारे दुर्मिळ बदल सापडले. म्हणजे पोल्ट्रीत रोज कित्येक लोक काम करतात, व्हायरस कित्येकांच्या नाकापर्यंत जात असेल, आणि ज्याचं हे दार मोडकं आहे त्याच्यात तो घुसण्याची शक्यता जास्त. हे वाचताना मला माझे काकाच दिसत होते, टॉवेल तोंडाला बांधून शेड झाडताना.

एमएक्सच सगळं करतं असं मात्र कोणी समजू नये. आयएफआयटीएम३ नावाचं दुसरं प्रोटीन आहे, ते व्हायरस पेशीत शिरताना ज्या पिशवीत असतो तिच्या पडद्यातच बसून त्याला बाहेर निसटू देत नाही. २०१२ ला ते प्रोटीन काढून टाकलेल्या उंदरांना एक्स-३१ नावाचा सौम्य फ्लू दिला तेव्हा साधे उंदीर थोडे आजारी पडून सावरले, हे सावरले नाहीत. आणि लक्षात घ्या, असले बहुतेक प्रयोग ब्लॅक-सिक्समध्येच होतात, म्हणजे एमएक्स१ नसलेल्यात. तेव्हा फ्लूचा कुठलाही उंदरांवरचा पेपर हातात आला की मी आता आधी उंदीर कुठल्या जातीचा ते बघते, निकाल नंतर. हल्ली स्वतःचा एमएक्स१ नसलेल्या उंदरांत माणसाचा एमएक्सए घालूनही काम होतं, ते मला जास्त पटतं, पण तेही शेवटी उंदीरच, फ्लूचा उंदीर शिंकत नाही, ताप येण्याऐवजी अंग गार पडतं. शिंका आणि ताप बघायचा तर फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी लागतो.

पुढचे तीन महिने मी नवीन प्रयोग केला नाही. आधी अख्ख्या कॉलनीचे कान परत. दोनशेच्या वर नमुने, प्रत्येकात दोन जोड्या प्रायमर, प्रत्येक जेलवर एक माहीत असलेला धड, एक माहीत असलेला मोडका, एक नुसतं पाणी. आणखी चौघांची नोंद चुकीची निघाली. भिंतीवरचा कागद काढला, नवीन लिहिला, त्यात पट्टी नाही म्हणजे जीन नाही या जागी लिहिलं की वरची पट्टी नसेल तर उत्तर नाही, परत कर. लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मांडायला उभी राहिले तेव्हा पाय थरथरत होते, पण झाल्यावर दोन जणांनी आपापल्या कॉलनीचे कान परत तपासायला काढले, त्यातल्या एकाची पद्धत अगदी माझ्यासारखीच होती.

दुसरा प्रयोग मी डोळ्यात तेल घालून केला. आठ नसलेले, आठच्या आठ घसरले. आठ असलेले, एकही नाही. तिसऱ्या दिवशीची फुप्फुसं वेगळ्या उंदरांची घेतली, सिरॅमिकचे मणी टाकून नळीत खळखळून दळली, प्लाक लावले. नसलेल्यांची प्लेट लाखपट पातळ केल्यावरही भोकंच भोकं. असलेल्यांच्या प्लेटमधला पहिला, अजिबात पातळ न केलेला खळगा, त्यात चार भोकं. मी ती प्लेट अजून टाकून दिलेली नाही, ड्रॉवरमध्ये आहे, जांभळा रंग थोडा उतरलाय.

इंटरफेरॉनच्या तासांचं काम त्यानंतर सुरू झालं आणि अजून चालू आहे, ते छापून आल्यावर बोलेन.

कोणी अ‍ॅनिमल वर्कमध्ये येणार असेल तर माझं सांगणं एवढंच, हात बसवायला जितके दिवस देता तितकेच कान तपासायला द्या, आणि उरलेला व्हायरस कधी फेकू नका. प्राण्याला त्रास देऊन मिळालेला आकडा चुकीच्या नावावर लिहिला तर तो त्रास कोणाच्याच कामाचा राहत नाही, आणि हे मला त्या सहाव्या दिवशीच्या दोघांमुळे जास्त लागतं.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा काकांना हे सगळं शेडमध्ये उभं राहून सांगितलं. आता त्यांच्याकडे तेव्हापेक्षा निम्म्याच कोंबड्या आहेत, दाराशी चुन्याची पट्टी आणि पाय बुडवायचं तसराळं असतं. त्यांनी विचारलं, मग हे तुझं कुलूप कोंबडीला बसवता नाही येत का? मी सांगितलं की स्कॉटलंडमधल्या टीमने २०२३ ला असाच एक प्रयत्न छापला, कुलूप बसवण्याचा नाही, चोराला कोंबडीच्या पेशीत लागणारं एक अवजारच बदलून टाकायचा, एएनपी३२ए नावाचं. साध्या डोसला दहापैकी नऊ कोंबड्यांना लागणच झाली नाही, डोस हजारपट केला तेव्हा निम्म्यांना लागण झाली आणि त्यांच्यातल्या व्हायरसने दुसरी अवजारं वापरायला शिकून घेतलं होतं. काका म्हणाले, शिकणारच.

मग थोड्या वेळाने म्हणाले, आणि ते तुझे तीन? जगले ना?

मी सांगितलं, नाही. चौदाव्या दिवशी प्रयोग संपतो, संपला की सगळे उंदीर मारावे लागतात, परवानगीतच तसं असतं, व्हायरस दिलेला प्राणी परत कॉलनीत सोडता येत नाही.

काकांनी हातातलं दाण्याचं घमेलं खाली ठेवलं. धडधाकट होते ना पण, म्हणाले.

हो म्हटलं. शेवटच्या दिवशीची वजनं मला पाठ होती, तीही सांगितली. २१.३, २०.८ आणि २१.०.